मांडी घालून बसता येतं का?

ठिसूळ हाडांच्या मुलाच्या घरी पहिल्यांदा गेलं की आईवडील आधी पिशवी पुढे करतात. साड्यांच्या दुकानातली जाड, मोठी पिशवी आणि तिच्यात जन्मापासूनचे सगळे एक्स-रे. मुलुंडच्या एक फिजिओथेरपिस्ट बाई गेली कित्येक वर्षं अशा मुलांबरोबर काम करतात. त्या पिशवी सतरंजीवर रिकामी करतात आणि एकेक फिल्म खिडकीच्या उजेडात धरून पाहतात. डावी मांडी. उजवी मांडी. नडगी. पुन्हा डावी मांडी, आता रॉडसकट. कोपराखालचा हात. पाकिटांवर बॉलपेनने तारखा घातलेल्या असतात आणि प्रत्येक तारखेची हकीकत आईला तोंडपाठ असते. हा पलंगावरून उतरताना, हा शाळेत कुणाचा तरी धक्का लागून, हा झोपेत कूस बदलताना. सगळं पाहून झालं की बाई विचारतात, “खुब्याचा फोटो कुठाय?”

बहुतेक घरांत तो नसतो. तिथे कधी काही मोडलंच नाही, तर काढायचा कशाला?

मांडीचं हाड मोडलं की घर जागं होतं, रिक्षा येते, स्लॅब लागतो. खुबा मात्र न मोडताही आकार बदलत राहतो, आणि कित्येक वर्षं दुखतसुद्धा नाही. घरातले सगळे फ्रॅक्चर मोजत असतात. तेवढ्यात मुलाचं बसणं, चालणं, संडासला जाणं गुपचूप बदलून जातं. बाईंची सगळी धडपड हे बदल वेळेवर दिसावेत यासाठी आहे.

आजाराचं पूर्ण नाव ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा, डॉक्टरांच्या तोंडी नुसतं ‘ओआय’. साधारण पंधरा ते वीस हजार जन्मांमागे एक मूल. बहुतेकांत पहिल्या प्रकारच्या कोलॅजेनमध्ये बिघाड असतो. हाडातल्या याच प्रथिनाच्या जाळीवर कॅल्शियमचे क्षार बसतात. जाळीच विरविरीत असली तर वरून कितीही दूध आणि नाचणी घातली तरी हाड धड होत नाही, हे बाईंना प्रत्येक घरी नव्याने सांगावं लागतं. हेच कोलॅजेन डोळ्यांत, दातांत, कानात आणि सांध्यांच्या बंधांतही असतं. म्हणून कुणाच्या डोळ्यांचा पांढरा भाग निळसर दिसतो, कुणाचे दात झिजतात, कुणाला मोठेपणी ऐकू कमी येतं. ऑस्ट्रेलियातले डॉ. डेव्हिड सिलेन्स यांनी १९७९ मध्ये आजाराचे चार प्रकार पाडले. पुढे जनुकं सापडत गेली आणि यादी लांबली, पण आपल्याकडच्या केसपेपरवर अजून ‘टाइप वन’, ‘टाइप थ्री’ हीच भाषा चालते. जगणाऱ्या मुलांत सगळ्यात तीव्र तो तिसरा प्रकार, आणि खुब्याची दुखणीही त्यांच्यातच जास्त.

घाटकोपरला असल्फाच्या चढावर राहणारी एक दहा-अकरा वर्षांची मुलगी बाईंकडे आली ती नडगीच्या फ्रॅक्चरनंतर. पाय जुळून आला होता, आता उभं करायचं होतं. बाईंनी तिला पहिल्याच दिवशी विचारलं, “मांडी घालून बसता येतं का गं?” ती बसली, पण एक गुडघा वरच राहिला आणि अंग मागे कलंडलं. आई म्हणाली, “हिला हल्ली खालीच बसायला नको असतं. जेवायलासुद्धा खुर्ची लागते. टीव्हीपुढे बसून बसून सवय लागलीय.”

सवयीचा प्रश्न नव्हता. मांडी घालायला खुब्यातून पाय बाहेर उघडावा लागतो आणि वळावाही लागतो. खुबा बिघडायला लागला की आधी याच दोन हालचाली जातात. खुर्चीवर बसणाऱ्या देशांत हे कुणाच्या लक्षात यायला बराच काळ जाईल. आपल्याकडे पंगत आहे, सतरंजी आहे, देवापुढे बसणं आहे. मराठी घरातल्या आईला हा बदल डॉक्टरच्या आधी दिसू शकतो. फक्त त्याचा अर्थ तिला कुणीतरी सांगायला हवा.

बाईंची तपासणी पाहण्यासारखी असते. इतर मुलांचा पाय फिजिओ स्वतः धरून वळवून पाहतात. इथे तसं चालत नाही, कारण वळवताना लागलेल्या जोराने मांडीचं हाड पिळवटून मोडू शकतं. म्हणून त्या एक तळवा मुलीच्या कमरेच्या हाडावर ठेवतात आणि सांगतात, “तूच उघड पाय. सावकाश. मी नुसती बघतेय.” पाय बाहेर सरकतो. तळव्याखाली कमरेचं हाड जिथे हलायला लागतं तिथे त्या थांबवतात आणि गोनिओमीटर लावून कोन टिपतात. त्यापुढचं उघडणं खुब्याचं नसतं, कंबर कलल्याचं असतं. डोळ्यांना पाय छान उघडलेला दिसतो, पण हाताखालचं हाड खरं काय ते सांगतं. त्या मुलीची कंबर फारच लवकर हलली. फोटो काढून आणला तेव्हा दोन्ही बाजूंच्या वाट्या आत गेलेल्या होत्या.

खुबा म्हणजे मांडीच्या हाडाचा गोळा आणि तो सामावणारी ओटीपोटाच्या हाडातली वाटी. सपाटीवर चालताना एका पायावर भार येतो त्या क्षणी या सांध्यावर शरीराच्या वजनाच्या साधारण अडीच पट दाब असतो. निरोगी वाटी तो आयुष्यभर सोसते. ओआयमध्ये तिचा तळ मऊ असतो, त्यात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा पडतात, भरतात, पुन्हा पडतात, आणि ओल्या मातीच्या पणतीत अंगठा रुतत जावा तसा गोळा आत सरकत जातो. याला डॉक्टर प्रोट्रुजिओ म्हणतात. खुब्याची ही विकृती जर्मन वैद्य ओट्टो यांनी १८२४ मध्येच वर्णन केली होती, एक्स-रे यायच्या कितीतरी आधी, अर्थात वेगळ्या आजाराच्या संदर्भात. आज ती फोटोत ओळखता येते. ओटीपोटाच्या आतल्या कडेची एक रेषा फिल्मवर दिसते. वाटीचा तळ ती रेषा ओलांडून आत आला की शंका उरत नाही.

मुलीची आणखी एक तक्रार होती, पण ती कुणी खुब्याशी जोडली नव्हती. पोट साफ होत नसे. चार-चार दिवस. घरात इसबगोल, एरंडेल, डॉक्टरांनी दिलेलं सिरप, सगळं चालू होतं. अमेरिकेतल्या शल्यचिकित्सकांनी १९९५ मध्ये तिसऱ्या प्रकारच्या रुग्णांतल्या या दुखण्यावर लिहिलं आहे: वाट्या आत सरकल्या की ओटीपोटातली जागाच अरुंद होते, आणि जुनाट बद्धकोष्ठ, वारंवारची पोटदुखी यांचा तिच्याशी संबंध असू शकतो. त्यात वस्तीतला सार्वजनिक संडास. तिथे उकिडवं बसायचं, आणि उकिडवं बसायला खुबा पूर्ण दुमडावा लागतो. मुलगी बसूच शकत नव्हती, म्हणून टाळत होती. टाळल्याने कोठा आणखी जड. बाईंनी प्लॅस्टिकच्या खुर्चीला मधोमध भोक पाडून, खाली बादली ठेवून घरातच सोय करायला सांगितली. पायांखाली ठेवायला लाकडी पाट. दहा बाय बाराच्या खोलीत पडदा लावायचा कुठे, यावर घरात बरीच चर्चा झाली. शेवटी मोरीच्या तोंडाशी लागला. या कामात औषधाइतकीच खुर्चीची उंची महत्त्वाची असते, आणि हे प्रिस्क्रिप्शनवर कुणी लिहून देत नाही, याचं बाईंना वाईट वाटतं.

दुसरी विकृती याहून वेगळी. गोळा आणि मांडीच्या हाडाचा दांडा यांना जोडणारी मान असते. मोठ्या माणसात ती दांड्याशी साधारण १२५ ते १३५ अंशांचा कोन करते. लहान बाळात कोन याहून मोठा असतो. ओआयमध्ये भाराने ही मान वाकून खाली येते, कोन शंभराच्या आसपास किंवा त्याखाली जातो. याला कॉक्सा व्हारा म्हणतात. कॅनडातल्या माँट्रियलच्या श्रायनर्स हॉस्पिटलने आपल्या रुग्णांची पाहणी २००६ मध्ये प्रसिद्ध केली, तेव्हा जवळपास दहातल्या एकात ती आढळली.

बोरिवलीचा एक मुलगा यासाठी बाईंकडे येतो. येतो म्हणजे बहुतेक वेळा त्याचे व्हिडिओ येतात. बाईंनी वडिलांना शिकवलंय: सोसायटीच्या कंपाउंडमध्ये, सपाट फरशीवर, पाठीमागून, शर्ट वर खोचून. चेहरा नको, कंबर हवी. हाफ पँटच्या इलॅस्टिकची आडवी रेषा पाहायची. उजव्या पायावर भार आला की ती रेषा डावीकडे खाली जाते आणि मुलगा तोल सावरायला अंग उजवीकडे टाकतो. मान वाकल्यामुळे खुब्याच्या बाजूचे स्नायू आखूड आणि ढिले पडतात, कंबर धरून ठेवू शकत नाहीत. वडील म्हणत होते, “एक पाय लहान आहे म्हणून लंगडतोय, बुटाची उंची वाढवू.” पाय थोडा आखूड झालाच होता, पण का झाला, हा पुढचा प्रश्न होता.

या मुलाच्या मांडीत आधीच रॉड आहे. ठिसूळ हाडांत रॉड घालण्याची कहाणी मोठी आहे. सोफिल्ड आणि मिलर या अमेरिकन शल्यचिकित्सकांनी १९५९ मध्ये वाकडं हाड ठिकठिकाणी कापून, सरळ करून, सळईत ओवायची पद्धत मांडली. मूल वाढलं की सळई अपुरी पडे आणि तिच्या टोकाखाली हाड पुन्हा मोडे. म्हणून १९६३ मध्ये बेली आणि डुबो यांनी एकात एक सरकणारा, हाडाबरोबर लांबत जाणारा रॉड आणला. आज ज्याचं नाव पालकांनाही पाठ असतं तो फासिए-डुव्हाल रॉड माँट्रियलचा. एक नळी, तिच्यात एक दांडा. नळी खुब्याजवळच्या उंचवट्यात आटे फिरवून बसवलेली, दांडा गुडघ्याजवळ. मूल वाढेल तशी दोन्ही टोकं लांब जातात. शस्त्रक्रिया झाली की आईवडिलांना वाटतं, आता मांडीचा प्रश्न मिटला. हाडाच्या दांड्याचा बराचसा मिटतो. मान मात्र रॉडच्या वाटेवर नसते, तिला त्याचा आधार मिळत नाही. बोरिवलीच्या मुलाला आता वेगळ्या शस्त्रक्रियेचा सल्ला मिळाला आहे: हाड कापून कोन पुन्हा उघडायचा आणि तारांनी धरून ठेवायचा. वार्षिक परीक्षेनंतर करू, असं ठरतंय.

औषधाच्या बाजूने मात्र खूप फरक पडला आहे, आणि तो बाईंनी आपल्या कामाच्या काळातच पाहिला. माँट्रियलच्याच डॉ. फ्रान्सिस ग्लोरिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये पॅमिड्रोनेटच्या सलाईनचे परिणाम प्रसिद्ध केले. हाडाची घनता वाढली, दबलेले मणके सावरले, दुखणं कमी झालं. आता बऱ्याच ठिकाणी झोलेड्रॉनिक ॲसिड देतात, साधारण सहा महिन्यांनी एकदा. पहिल्या डोसनंतर ताप येतो, हे आधी सांगितलं नसलं तर घर घाबरून जातं. ही औषधं घेणाऱ्या मुलाच्या गुडघ्याजवळचा एक्स-रे बाई आवर्जून मुलालाच दाखवतात. हाडाच्या टोकाकडे एकाखाली एक बारीक पांढऱ्या आडव्या रेषा असतात, प्रत्येक डोसची एक. दोन रेषांमधलं अंतर म्हणजे मधल्या काळात हाड जेवढं वाढलं तेवढं. मुलं त्या बोटाने मोजतात. “ही दिवाळीची, ही मे महिन्यातली.” एरवी नुसत्या मोडतोडीच्या या फोटोंमध्ये वाढीची खूण पाहायला मिळते, म्हणून असेल, पण ती फिल्म मुलं परत पिशवीत टाकू देत नाहीत.

एक मात्र स्पष्ट सांगावं लागतं: आत सरकलेली वाटी सलाईनने परत बाहेर येत नाही.

३० मार्च २०२१ ला केंद्राचं दुर्मीळ आजारांसाठीचं राष्ट्रीय धोरण आलं. त्यातल्या दुसऱ्या गटात ओआय आणि त्यावरचे हे औषधोपचार नावानिशी आहेत, आणि परळचं केईएम रुग्णालय हे त्या धोरणाखालच्या केंद्रांपैकी एक आहे. उपनगरातल्या कुटुंबाला परळ गाठायचं म्हणजे लोकल. अपंगांसाठीचा डबा असतो, पण त्यात चढायचं फलाटावरून, आणि चढताना पूर्ण अंगाचा भार एका वाकलेल्या खुब्यावर येतो. जानेवारी २०१४ मध्ये घाटकोपर स्थानकात गाडी आणि फलाटामधल्या फटीत पडून एका तरुणीचे दोन्ही हात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने तो विषय हाती घेतला आणि फलाटांची उंची वाढवण्याचं काम पुढे सरकलं. त्याचा फायदा या मुलांनाही झाला. त्याच वर्षी जूनमध्ये वर्सोवा-अंधेरी-घाटकोपर मेट्रो सुरू झाली. असल्फाच्या मुलीला ती मनापासून आवडते. लिफ्ट आहे, डब्याची पायरी नाही, आणि खिडकीतून आपली वस्ती दिसते.

बाईंच्या मते सगळ्यात अवघड काम शस्त्रक्रियेचं नाही आणि औषधाचंही नाही. ते पहिल्या वर्षातलं आहे. मुलुंडमध्ये एका घरी त्या गेल्या तेव्हा बाळ दोन महिन्यांचं होतं आणि निदान नुकतंच झालेलं. मालिशवाल्या मावशी रोज येत होत्या. आपल्याकडची रीतच आहे: पाय लांब करून त्यावर बाळ घ्यायचं, तेल चोळायचं, उजवा हात डाव्या पायाला आणि डावा हात उजव्या पायाला लावायचा, काही ठिकाणी शेवटी घोटे धरून उलटंही करतात. लाखो बाळं यात सुखाने वाढली. या बाळासाठी यातली प्रत्येक गोष्ट धोक्याची होती. घरच्यांनी घाबरून मालिश बंद केलं, आंघोळ बंद केली, आणि बाळाला मऊ गादीवर उताणं ठेवून दिलं. कुणी उचलेना.

ही भीती बाईंना चांगली समजते, आणि तिच्याशीच त्यांची खरी झुंज असते. उताण्या बाळाचे पाय बेडकासारखे दोन्ही बाजूंना पडून राहतात. आठवडे, महिने तसेच राहिले की खुबे त्याच स्थितीत आखडतात. पुढे मूल पाय सरळ करू शकत नाही, मग उभं राहू शकत नाही, आणि भार न मिळालेलं हाड आणखी विरळ होतं. फ्रॅक्चर टाळायला निजवलेल्या मुलाचं हाड निजवल्यानेच कमकुवत होत जातं. बाईंनी मावशींनाच बोलावून घेतलं. त्यांच्या हातांना बाळाची जेवढी सवय होती तेवढी घरात दुसऱ्या कुणालाच नव्हती. आजी म्हणाल्या, “पण मावशी जोर लावतात हो.” मावशी म्हणाल्या, “सांगा तर खरं कसं करायचं ते.” मग शिकवणी झाली. लंगोट बदलताना घोटे धरून पाय उचलायचे नाहीत, तळहात ढुंगणाखाली सरकवायचा. काखेत धरून उचलायचं नाही, बोटं पसरून डोकं आणि बूड एकदम घ्यायचं. तेल लावायचं ते नुसतं फिरवत, दाब नाही, ओढ नाही. मांड्यांच्या बाहेरच्या बाजूला टॉवेलच्या गुंडाळ्या, म्हणजे पाय बाहेर पडत नाहीत. आणि दिवसातून थोडा वेळ कुणाच्या तरी छातीवर पालथं, म्हणजे खुबे सरळ होतात. ते काम आजींनी घेतलं. आरामखुर्चीत मागे रेलून, बाळ छातीवर, समोर मालिका.

हे मूल आज धरून उभं राहतं. खुबे सरळ आहेत.

मोठ्या माणसांचं काय, हा प्रश्न फार उशिरा विचारला जातो. ओआय म्हटलं की डोळ्यांपुढे मूल येतं. मुंबईतच वाढलेले लेखक फिरदौस कांगा यांची ‘ट्राइंग टू ग्रो’ ही कादंबरी १९९० मध्ये आली. लेखकाला हाच आजार, नायकालाही हाच. पुढे तिच्यावरून निघालेल्या ‘सिक्स्थ हॅपिनेस’ या चित्रपटात नायकाची भूमिका त्यांनी स्वतः केली. प्रेम, घर, स्वतःच्या पायांवर नसलेल्या माणसाचं मोठं होणं, हे सगळं त्यात आहे. या आजाराची माणसं मोठी होतात, नोकऱ्या करतात, संसार करतात, आणि त्यांचे खुबेही त्यांच्याबरोबर वयस्क होतात.

अंधेरीच्या एक बाई आहेत, चाळिशीजवळच्या, सौम्य प्रकारच्या. लहानपणी सात-आठ फ्रॅक्चर झाली, वयात आल्यावर जवळपास थांबली, म्हणून आजार संपला असं घरच्यांनी धरलं. सिझेरियन झालं, मुलीत आजार उतरण्याची शक्यता निम्मी होती, ती मात्र सुटली. आता जांघेत दुखतं. वाटी आत गेलेली आणि झिजलेली. खुबा बदलता येतो, पण अशा हाडात ते नेहमीसारखं नसतं: वाटीचा तळ कागदासारखा पातळ, म्हणून काढलेल्या गोळ्याचाच चुरा करून तिथे भरावा लागतो, मांडीचं हाड अरुंद किंवा वाकडं असलं तर तयार मापाचा दांडा बसत नाही, ठोकताना हाड फुटू शकतं. त्यांनी सध्या थांबायचं ठरवलंय. फिजिओ बाईंनी त्यांना तरणतलावात चालायला सांगितलं, कारण छातीपर्यंतच्या पाण्यात सांध्यावर अंगाचा भार साधारण तिसरा हिस्साच येतो. पाण्यात सगळं छान जमतं. भीती आहे ती काठावरच्या ओल्या लाद्यांची आणि लोखंडी शिडीची. म्हणून बहीण सोबत जाते आणि रबरी चटई नेते.

अठरा पूर्ण झाली की मुलांच्या रुग्णालयातली फाइल बंद होते. पुढचा डॉक्टर मोठ्यांचा. त्याने आयुष्यात ओआयचे एक-दोनच रुग्ण पाहिलेले असण्याची शक्यता जास्त. म्हणून बाई आता आपल्या प्रत्येक मुलासाठी एक पानाचं पत्र तयार करतात आणि त्याच्या मोबाइलमध्ये ठेवायला लावतात. पहिल्या ओळीत खुबा: उजवीकडे किती उघडतो, डावीकडे किती, शेवटचा फोटो कधीचा. मग रॉड कोणता, कुठल्या वर्षी, बदलला का. सलाईन कोणतं, शेवटचं कधी. भूल देताना मान मागे जोराने वाकवू नये, बीपीचा पट्टा हातावर घट्ट फुगवू नये. स्ट्रेचरवरून टेबलावर घेताना पाय ओढू नयेत. कसं उचलायचं ते रुग्णालाच विचारावं, त्याला ते माहीत आहे. असल्फाच्या मुलीने तिचं पत्र आत्ताच मागून घेतलंय आणि त्यात एक ओळ स्वतः वाढवली आहे: मला उकिडवं बसता येत नाही, कमोड लागेल.